पडद्यावरचा चेहरा

२०२० च्या उन्हाळ्यात बाजारपेठा बंद होत्या, तरी व्यवहार अगदीच थांबले नव्हते. साडीचे व्यापारी घरातल्या पलंगावर पदर पसरून मोबाइलच्या पडद्यापलीकडच्या गिऱ्हाइकाला रंग समजावून सांगत होते. सराफ कॅमेऱ्यासमोर बांगडी फिरवून नक्षी दाखवीत होते. मुलांच्या शाळा पडद्यावर भरत होत्या आणि कित्येक सोयरिकींच्या पहिल्या भेटीदेखील पडद्यावरच होत होत्या. झूम या एका सेवेवर डिसेंबर २०१९ मध्ये रोज सुमारे एक कोटी उपस्थिती नोंदली जात असे. एप्रिल २०२० मध्ये ती तीस कोटींवर गेली.

या धांदलीत एक गोष्ट कोणाच्या फारशी लक्षात आली नाही. बोलणाऱ्याला समोरच्याबरोबर स्वतःचा चेहराही दिसत होता. पेढीवर बसणारा माणूस एरवी दिवसातून दोनतीनदा आरशात डोकावतो, तेही भांग नीट आहे की नाही हे पाहण्यापुरते. भाव सांगताना, हसताना, कंटाळल्यावर आपण कसे दिसतो हे त्याने कधी पाहिलेले नसते. ते पाहणे समोरच्याचे काम. साथीने ते काम ज्याचे त्याच्यावर सोपवले. पडद्याच्या कोपऱ्यातील त्या लहानशा चौकटीत माणसे तासन् तास स्वतःला न्याहाळत राहिली, आणि जे दिसले ते अनेकांना आवडले नाही.

त्या नावडीचे पुढे मागणीत रूपांतर झाले. जगभरातील प्लास्टिक सर्जन आणि त्वचारोगतज्ज्ञ यांच्याकडे नाक, पापण्या, हनुवटी, कपाळावरच्या आठ्या यांसाठी विचारणा वाढली. अर्थव्यवस्था आक्रसत असताना आणि माणसे प्राणवायूसाठी धावत असताना सौंदर्यशस्त्रक्रियेची मागणी वाढावी, हे वरकरणी विचित्र वाटते. व्यापाराच्या नजरेने पाहिले की त्यातील बरेचसे उलगडते. जे उरते ते मात्र नफातोट्याच्या हिशेबात बसत नाही.

बंद दारे आणि साठलेली मागणी

आरंभी ही मागणी वाढली नव्हती. तिला टाळे लागले होते. मार्च २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महासाथ म्हटले आणि देशोदेशी तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याचे आदेश निघाले. खाटा, भूल देण्याची यंत्रे, व्हेंटिलेटर, हातमोजे, सारे काही कोविडच्या रुग्णांसाठी हवे होते. नाकाचा आकार बदलण्यासाठी भूलतज्ज्ञाला गुंतवून ठेवणे त्या दिवसांत कोणालाच पटणारे नव्हते.

सौंदर्यविषयक प्लास्टिक सर्जनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्या वर्षाचा जो अंदाज प्रसिद्ध केला, त्यात हे चित्र स्पष्ट आहे. २०२० मध्ये जगभरात अशा सुमारे १ कोटी १ लाख शस्त्रक्रिया झाल्या. आदल्या वर्षीच्या तुलनेत ही घट जवळजवळ ११ टक्क्यांची होती. चाकू न लावता होणारे उपचार, म्हणजे बोटॉक्सची इंजेक्शने, फिलर आणि तत्सम प्रकार, त्याच वर्षी वाढून सुमारे १ कोटी ४४ लाखांवर गेले. रुग्णालयात राहावे लागणारे काम घटले आणि अर्ध्या तासात उरकून घरी जाता येणारे काम वाढले. २०२१ च्या अंदाजात शस्त्रक्रिया १ कोटी २८ लाखांच्या आणि इतर उपचार १ कोटी ७५ लाखांच्या पुढे गेले. ब्रिटनमधील सर्जनांच्या संघटनेने तर २०२२ मध्ये आपल्या सदस्यांच्या शस्त्रक्रिया आदल्या वर्षाच्या दुपटीहून अधिक, म्हणजे ३१ हजारांवर गेल्याचे नोंदवले.

या आकड्यांवरून लगेच निष्कर्ष काढू नये, हे कोणत्याही जाणत्या व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. संप मिटल्यावर पहिल्या महिन्यात जी विक्री होते, ती सगळीच नवी मागणी नसते. त्यात अडून राहिलेल्या मागण्याही असतात. ज्यांनी आधीच तारखा घेतल्या होत्या, त्यांच्या शस्त्रक्रियाही या वाढीत मोजल्या गेल्या आहेत. तरीही केवळ तुंबलेले काम मोकळे झाले, एवढ्यानेच ही वाढ समजत नाही. कारण साथीने या व्यवसायाला पूर्वी कधी न मिळालेल्या तीन सोयी मिळवून दिल्या होत्या: आडोसा, वेळ आणि पैसा.

मास्कआडची विश्रांती

या तीन सोयींचा परिणाम दक्षिण कोरियात ठळकपणे दिसला. राजधानी सोलमधील गंगनम या भागात सौंदर्यशस्त्रक्रियेची चिकित्सालये दाटीवाटीने उभी आहेत. साथीआधी तेथे परदेशांतूनही ग्राहक येत. सर्व प्रकारच्या उपचारांसाठी कोरियात आलेल्या परदेशी रुग्णांची संख्या २०१९ मध्ये जवळजवळ पाच लाख होती. विमाने थांबल्यावर २०२० मध्ये ती सव्वा लाखाच्याही खाली आली. एखाद्या पेठेचे बाहेरगावचे गिऱ्हाईक एका वर्षात तीन चतुर्थांशांहून अधिक तुटावे, असा हा आघात होता. पण गंगनम ओस पडले नाही, कारण घरचे गिऱ्हाईक वाढले.

नाकाच्या किंवा पापण्यांच्या शस्त्रक्रियेनंतर दहा ते चौदा दिवस चेहऱ्यावर सूज आणि काळेनिळे वळ राहतात. एरवी ही अवस्था लपवायची कशी हाच मोठा प्रश्न असतो. रजा काढावी लागते, सहकाऱ्यांना कारण सांगावे लागते, शेजाऱ्यांच्या नजरा चुकवाव्या लागतात. साथीत कचेरी घरी आली होती आणि बाहेर पडताना मास्क सक्तीचाच होता. नाक, ओठ, हनुवटी यांवरील सूज मास्कखाली झाकली जाई. कपाळ आणि डोळे तेवढे उघडे असत, म्हणून त्यांच्याकडे लोकांचे लक्ष अधिक जाई आणि त्यांच्या उपचारांनाही मागणी येई. मे २०२० मध्ये कोरियाच्या सरकारने प्रत्येक कुटुंबाला साहाय्य म्हणून रक्कम दिली. चार जणांच्या कुटुंबाला दहा लाख वॉन मिळाले. त्यातील काही भाग या चिकित्सालयांत खर्च झाल्याच्या बातम्या तेव्हा आल्या. वर्षाच्या अखेरीस लस दृष्टिपथात आली, तेव्हा मास्क उतरण्याआधी शस्त्रक्रिया उरकून घेण्याची घाई सुरू झाली.

इतरत्रही थोड्याफार फरकाने हेच घडले. प्रवास, समारंभ, हॉटेल यांवर होणारा खर्च थांबला होता, आणि ज्यांचे पगार चालू होते त्यांच्या हाती पैसा शिल्लक राहत होता. येथवरचा हिशेब सरळ आहे: इच्छा जुनी होती, अडथळे दूर झाले आणि माणसांनी इच्छा पुरी केली. स्वतःच्या पैशाने, विचारपूर्वक आणि योग्य सर्जनाकडून कोणी असे करून घेतले असेल, तर त्यात इतरांनी नाक मुरडण्यासारखे काही नाही. वर्षानुवर्षे एखाद्या व्यंगामुळे चारचौघांत जाणे टाळणाऱ्या माणसाला शस्त्रक्रियेने मोकळेपणा मिळतो, हेही खरे आहे. खरा प्रश्न त्या इच्छेचा आहे जी जुनी नव्हती, जी पडद्यानेच निर्माण केली.

कॅमेऱ्याचे खोटे माप

तराजूचा काटा चुकीचा असेल तर माल कितीही चांगला असो, वजन चुकीचेच भरते. मोबाइलच्या पुढील कॅमेऱ्याचा काटा असाच बिघडलेला असतो. तो चेहऱ्याच्या फार जवळ असतो. जवळून पाहताना जो अवयव कॅमेऱ्याला सर्वांत नजीक, तो प्रमाणाबाहेर मोठा दिसतो आणि कान, जबडा मागे सरकून लहान भासतात. चेहऱ्यात सर्वांत पुढे असते ते नाक. अमेरिकेतील सर्जन बोरिस पास्कोव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये याचे गणित मांडले. बारा इंचांवरून काढलेल्या छायाचित्रात नाकाची रुंदी पाच फुटांवरून काढलेल्या छायाचित्रापेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी अधिक दिसते. नाक तेच असते. वाढलेले तीस टक्के हे केवळ अंतराचे देणे असते.

त्यात प्रकाशाची भर पडते. टेबलावर ठेवलेला लॅपटॉप चेहऱ्याकडे खालून पाहतो, त्यामुळे हनुवटीखालचा भाग जाड दिसतो. डोक्यावरच्या दिव्यामुळे डोळ्यांखाली सावल्या पडतात. आणखी एक बारकावा आहे. माणसाला स्वतःचा चेहरा आरशातला, म्हणजे डाव्याचा उजवा झालेला, सवयीचा असतो. छायाचित्रात तोच चेहरा उलट बाजूने दिसतो आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यात असणारा डाव्याउजव्याचा थोडासा फरक एकदम नजरेत भरतो. आपला चेहरा वाकडा आहे, असे मग वाटू लागते. घरच्यांना मात्र तोच चेहरा वर्षानुवर्षे तसाच दिसत आलेला असतो.

बॉस्टनमधील त्वचारोगतज्ज्ञ शादी कौरोश यांनी या अवस्थेला झूमचे नाव जोडून एक संज्ञा रूढ केली. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभराहून अधिक त्वचारोगतज्ज्ञांना विचारले, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांनी सौंदर्योपचारांसाठी येणारे रुग्ण वाढल्याचे सांगितले. रुग्ण व्हिडिओ बैठकांचे कारण पुढे करतात, असे सांगणाऱ्यांचे प्रमाण ८६ टक्के होते. याचा अर्थ असा की अनेक जण जो दोष काढून घ्यायला आले होते, तो चेहऱ्यावर नव्हता. तो भिंगात होता.

येथे खरे काही पणाला लागते. स्वतःच्या रूपातील क्षुल्लक किंवा नसलेल्या दोषाने मन व्यापून जाणे हा एक मानसिक विकार आहे. साधारणपणे शंभरात दोघांना तो असतो; सौंदर्यशस्त्रक्रियेसाठी येणाऱ्यांत त्याचे प्रमाण बरेच अधिक आढळते. असा रुग्ण तासन् तास आरशापुढे उभा राहतो किंवा आरसे टाळतो, पुन्हा पुन्हा इतरांना विचारून खात्री करून घेतो आणि कोणाच्याही उत्तराने त्याचे समाधान होत नाही. शस्त्रक्रियेने त्याला क्वचितच बरे वाटते. नाक सुधारले की मन हनुवटीकडे वळते. त्याला गरज असते ती मनोविकारतज्ज्ञाची. टाळेबंदीत एकटेपणा, अनिश्चितता आणि समोर सतत असणारा तो पडदा एकत्र आले आणि ज्यांचे मन आधीच या काठावर होते त्यांना तोल सावरणे अवघड गेले. त्यांत तरुण मुले-मुली बरीच होती. अशा रुग्णाला ओळखून शस्त्रक्रिया नाकारणारा सर्जन एका दिवसाची कमाई गमावतो, पण आपले कर्तव्य पूर्ण करतो.

केसांच्या बाबतीतही अशीच फसगत झाली. कोविडनंतर दोनतीन महिन्यांनी अनेकांचे केस मुठीमुठीने गळू लागले. टायफॉइड, मोठा ताप, बाळंतपण किंवा मोठा मानसिक ताण यांनंतर असे होते, हे वैद्यकशास्त्राला पूर्वीपासून ठाऊक आहे. शरीर संकटात असताना पुष्कळ केस एकाच वेळी विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि काही आठवड्यांनी गळतात. मुळे शाबूत असल्यामुळे बहुतेकांचे केस सहा-आठ महिन्यांत पुन्हा येतात. घाबरलेल्या माणसाला हे सांगणारा भेटला तर त्याचा खर्च वाचे. दुसऱ्याच प्रकारचा कोणी भेटला तर केशरोपणाचा पट्टा हाती पडे. वाट पाहणे हा जेथे उत्तम उपचार होता, तेथे घाईला गिऱ्हाईक मिळाले.

ज्यांचा चेहराच गेला

या सर्व काळात भारतात, आणि विशेषतः महाराष्ट्र व गुजरातमध्ये, प्लास्टिक सर्जनांपुढे चेहऱ्याचा अगदी वेगळा प्रश्न येऊन उभा राहिला होता. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत कोविडमधून उठलेली माणसे डोळ्याखाली दुखते, गाल बधिर झाला, दात हलू लागले अशा तक्रारी घेऊन परत येऊ लागली. तो म्युकरमायकोसिस होता. लोक त्याला काळी बुरशी म्हणू लागले. अनियंत्रित मधुमेह आणि कोविडसाठी दिलेली स्टिरॉइड औषधे या दोहोंमुळे शरीराची प्रतिकारशक्ती ढासळली की ही बुरशी नाकातून सायनसमध्ये, तेथून टाळूत, डोळ्याच्या खोबणीत आणि कधी मेंदूपर्यंत पसरते. मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना हा आजार नोंदणीयोग्य घोषित करण्यास सांगितले. जूनच्या अखेरीस देशातील रुग्णांची नोंद ४० हजारांच्या पुढे आणि मृतांची ३ हजारांच्या पुढे गेली होती.

बुरशीने मारलेला भाग कापून काढणे हाच जीव वाचवण्याचा मार्ग होता. कित्येकांचा वरचा जबडा गेला, कित्येकांचा डोळा. टाळू नाहीशी झाली की तोंड आणि नाक यांच्यामधील भिंतच उरत नाही. पाण्याचा घोट नाकातून बाहेर येतो, घास गिळता येत नाही आणि बोललेले कोणाला कळत नाही. घरात कर्ता असलेला, दुकान चालवणारा माणूस आपल्या नोकराशी चार शब्द बोलू शकत नाही आणि जेवणाच्या पंगतीत बसायला लाजतो, अशी अवस्था अनेक घरांनी पाहिली.

या रुग्णांसाठी प्लास्टिक सर्जन, जबड्याचे सर्जन आणि कृत्रिम दात बसवणारे दंतवैद्य एकत्र आले. उघड्या पडलेल्या टाळूवर कवळीसारखी पट्टी बसवायची, गालाच्या हाडात लांब खिळे रोवून त्यांच्या आधारावर दात उभे करायचे, शरीराच्या दुसऱ्या भागातील मांस व हाड आणून जबडा घडवायचा, रिकाम्या खोबणीत कृत्रिम डोळा बसवायचा, असे हे काम महिनोन् महिने चालले. येथे कोणी कोणत्या नटासारखे नाक मागत नव्हते. पाणी नाकातून न येता पिता यावे, एवढेच मागणे होते.

अशा रीतीने एकाच साथीने एकाच व्यवसायाच्या दारात दोन रांगा उभ्या केल्या. एका रांगेतील माणसांना आपला चेहरा फार दिसला होता. दुसऱ्या रांगेतील माणसांना आरशात पाहण्याचे धैर्य होत नव्हते. पहिलीविषयी वृत्तपत्रांत पुष्कळ लिहिले गेले. दुसरीतील माणसे बहुतेक शांतपणे घरी गेली आणि आजही त्यांतील काही जण तीच पट्टी रोज काढून, धुऊन, पुन्हा बसवून जेवायला बसतात.

पुण्याचा कारागीर

या विद्येचा उगम दुसऱ्या रांगेतच आहे, आणि त्याचा एक धागा महाराष्ट्रातून जातो. तुटलेले नाक पुन्हा घडवण्याची रीत सुश्रुतसंहितेत सांगितलेली आहे. ती विद्या कारागिरांच्या काही घराण्यांत हातोहात टिकून राहिली. इंग्रज सैन्यात बैल हाकणारा कावसजी नावाचा एक माणूस १७९२ च्या युद्धात टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. सुमारे वर्षभर तो नाकावाचून राहिला. मग पुण्याजवळ विटा भाजणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याला नवे नाक करून दिले.

त्या कारागिराने आधी मेणाचे पातळ नाक घडवले. ते सपाट करून कपाळावर ठेवले, त्याभोवती रेघ आखली आणि तेवढी कातडी सोलली. दोन्ही भुवयांच्या मध्ये मात्र तिचा देठ तसाच ठेवला, म्हणजे रक्त वाहत राहील. ती कातडी वळवून नाकाच्या जागी बसवली, काथाच्या लेपाने चिकटवली आणि पुढे तुपात भिजवलेली फडकी ठेवली. नवी कातडी रुजल्यावर सुमारे पंचविसाव्या दिवशी देठ कापला. मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज वैद्यांनी ही क्रिया पाहिली आणि १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये तिची हकिकत चित्रासह छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज सर्जनाने अभ्यास केला आणि १८१४ मध्ये लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली. युरोपातील आधुनिक प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात या घटनेला मोठे स्थान आहे. त्या कारागिराचे नाव मात्र त्या हकिकतीत नाही.

कावसजीला सुंदर व्हायचे नव्हते. त्याला पुन्हा माणसांत वावरायचे होते. गेलेले परत देणे हे या शास्त्राचे मूळ काम. असलेले बदलणे ही त्याची नंतरची शाखा. साथीने दोन्ही शाखांची मागणी एकदम वाढवली आणि त्यामुळेच त्यांतील अंतर पूर्वीपेक्षा स्पष्ट झाले.

कायद्याने आखलेली रेघ

विशेष म्हणजे हे अंतर कर आकारणाऱ्यांनी आधीच ओळखले आहे. वस्तू व सेवा कराच्या नियमांत आरोग्यसेवा करमुक्त आहे; पण केशरोपण आणि सौंदर्यासाठी केलेली प्लास्टिक सर्जरी यांना ती सूट नाही. जन्मजात व्यंग, वाढीतील दोष, इजा किंवा आघात यांमुळे बिघडलेली शरीराची रचना वा कार्य पूर्ववत करण्यासाठी शस्त्रक्रिया असेल, तर मात्र ती सुटीत बसते. विम्याचीही तीच भाषा आहे. रूप बदलण्यासाठी केलेला खर्च आरोग्यविमा देत नाही. अपघात, भाजणे, कर्करोग यांनंतरची पुनर्रचना किंवा वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक शस्त्रक्रिया यांना मात्र संरक्षण मिळते. कराचा आणि विम्याचा कायदा एरवी रुक्ष असतो. येथे त्याने गरज आणि हौस यांच्यामधली रेघ नेमकी ओढली आहे. चिकित्सालय सांगते त्या रकमेत कर धरला आहे की नाही, हे विचारून घेणेही त्यामुळेच आवश्यक ठरते.

हौस म्हणून का होईना, घरातील कोणी असा उपचार करून घेऊ इच्छित असेल तर चार गोष्टी कुटुंबाने शांतपणे पाहाव्यात. पहिली गोष्ट शस्त्रक्रिया करणाऱ्याची पात्रता. मागणी वाढली की अर्धवट शिकलेल्यांची दुकाने उघडतात, हा प्रत्येक पेठेचा अनुभव आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला सप्टेंबर २०२२ मध्ये केशरोपणाविषयी मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या. कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहणे हे असे उपचार करण्यासाठी पुरेसे प्रशिक्षण नव्हे, असे त्यांत लिहावे लागले, यावरून परिस्थितीची कल्पना येते. प्लास्टिक सर्जरी किंवा त्वचारोग या विषयातील पदव्युत्तर शिक्षण, सुसज्ज शस्त्रक्रियागृह आणि गरजेप्रमाणे भूलतज्ज्ञाची उपस्थिती, या तिन्हींची खात्री करून घ्यावी.

दुसरी गोष्ट वयाची. चेहऱ्याची हाडे पूर्ण वाढण्याआधी केलेला बदल पुढे टिकेलच असे नाही. ब्रिटनने तर १ ऑक्टोबर २०२१ पासून इंग्लंडमध्ये अठरा वर्षांखालील मुलामुलींना सौंदर्यासाठी बोटॉक्स आणि फिलर देण्यावर कायद्याने बंदी घातली. तिसरी गोष्ट पैशाची. हप्त्यांवर मिळणारे रूप पहिल्या दिवशी स्वस्त वाटते. पण बोटॉक्सचा परिणाम तीनचार महिन्यांत ओसरतो आणि फिलरही कायमचे नसतात. एकदाचा खर्च म्हणून जे सुरू होते ते वर्षाचे देणे होऊन बसते.

चौथी गोष्ट अहिंसेचे व्रत पाळणाऱ्या घरांना जवळची आहे. सुरुवातीच्या काळातील फिलर गाईगुरांच्या कातडीतील कोलॅजेनपासून, तर काही कोंबड्याच्या तुऱ्यापासून बनत. आज प्रचलित असलेले बहुतेक हायलुरॉनिक आम्लाचे फिलर जिवाणूंच्या किण्वनातून तयार होतात. बोटॉक्सच्या कुपीत मानवी रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन असते. औषध जीव वाचवणारे असेल तेव्हा घरातील वडीलधारी माणसे विवेकाने निर्णय घेतातच. हौसेच्या गोष्टीत मात्र हा प्रश्न विचारण्याचा पूर्ण हक्क ग्राहकाला आहे आणि जाणकार डॉक्टर त्याचे सरळ उत्तर देतो.

पाच फुटांवरून

साथ ओसरली, मास्क उतरले, पण पडदा गेला नाही. आजही सोयरिकीची पहिली भेट पुष्कळदा पडद्यावर होते आणि ती संपल्यावर मुलगा किंवा मुलगी दार लावून आपलेच नाक निरखत बसते. पलीकडून नकार आला तर त्याचे खापरही त्याच नाकावर फुटते. अशा वेळी घरच्यांनी हसून विषय टाळणे जितके चुकीचे, तितकेच घाईने डॉक्टरची वेळ घेणेही चुकीचे. आधी त्या मुलाचे किंवा मुलीचे ऐकून घ्यावे. हा विचार कधीपासून मनात आहे आणि दिवसातला किती वेळ तो खातो, हे विचारावे. उत्तरात अभ्यास सुटल्याचे, झोप उडाल्याचे, बाहेर जाणे बंद झाल्याचे कळले, तर पहिली भेट मनोविकारतज्ज्ञाची घ्यावी. त्यात कमीपणा काही नाही.

आणि विचार जुना, स्थिर व स्वतःचा असेल, तरीही एक साधी गोष्ट आधी करून पाहावी. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, घरातल्याच कोणीतरी पाच फूट अंतरावर उभे राहून एक छायाचित्र काढावे. त्या अंतरावरून माणसाला बाकीचे जग पाहते. आजी ओसरीवरून हाक मारते ती साधारण तेवढ्याच अंतरावरून; गिऱ्हाईक गादीपलीकडून बोलते तेही तेवढ्याच अंतरावरून. त्या छायाचित्रातला चेहरा पाहूनही शस्त्रक्रिया हवीशी वाटली, तर चांगला सर्जन शोधावा. पुष्कळांना तो चेहरा पाहिल्यावर तशी गरज वाटणार नाही.